चेअरमनसाठी पंप

"उंची किती?" दुकानदाराने विचारले.

"पाच फूट पाच इंच," जावई म्हणाला.

"तुमची नाही हो. पाण्याची."

पाण्याची उंची जावयाला माहीत नव्हती. अकरा वर्षे तो माशाच्या त्या हजार लिटरच्या टाकीशेजारी राहत होता, पण पाणी किती उंच चढते हे त्याला कुणी विचारले नव्हते. त्याची स्वतःचीही उंची बऱ्याच वर्षांत कुणी विचारली नव्हती, म्हणून क्षणभर त्याला बरे वाटले होते, एवढेच.

"हे बघा," दुकानदार ओल्या बाहीनेच कपाळ पुसत म्हणाला, "वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून खालच्या टाकीत उतरतं. त्यात कौतुक काही नाही, खाली कुणीही उतरतं. तिथं ते गाळून निघतं. मग ते परत वर चढवायचं, ते काम पंपाचं. आता ह्या खोक्यावर लिहिलंय, तासाला आठ हजार लिटर. हा आकडा शून्य उंचीवरचा. म्हणजे पंपाला काहीच चढवायचं नसेल तेव्हाचा. उंची आली की आकडा उतरला. प्रत्येक वळणाला आणखी थोडा उतरला."

जावयाला हे लगेच पटले. लग्न जमवताना त्याच्याबद्दल जे जे सांगितले गेले होते, ते सगळे शून्य उंचीवरचे होते.

"घरी जा, खालच्या पाण्यापासून वरच्या तोंडापर्यंत मोजा आणि या. आणि आवाजाचं काय?"

जावयाने खिशातून सासऱ्यांची चिठ्ठी काढली. सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्त झालेत हे त्यांना अजून कुणी अधिकृतपणे कळवलेले नसावे. घरात टूथपेस्ट सेंटीमीटरमध्ये मोजली जात असे. चिठ्ठीत लिहिले होते : एक, आवाज नको. दोन, आवाज नको. तीन, वीज कमी खाणारा. चार, आवाज नको. खाली सही, तारीख आणि वेळ.

"कळलं," दुकानदार म्हणाला. "आवाज नको."

जुना पंप काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बंद पडला होता. तोवर तो अकरा वर्षे खडी चघळल्यासारखा अखंड घरघरत होता. घरातले चौघेही त्याच्या नावाने बोटे मोडत. हवेचे बुडबुडे सोडणारे एक छोटे यंत्र लावून टाकीतल्या एकुलत्या एका माशाची तात्पुरती सोय केली होती. मासा हातभर लांब, चंदेरी, हनुवटी पुढे काढलेला. त्याला सगळे चेअरमन म्हणत. सहा फुटांच्या टाकीत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, वळताना त्याची शेपटी एका काचेला आणि हनुवटी दुसऱ्या काचेला लागे, आणि मग तो असा परत येई, जणू काही परतच यायचे होते.

त्या घरात जावई तीन महिन्यांसाठी आला होता. "घर मिळेपर्यंत," असे तेव्हा ठरले होते.

दिवसभर तो वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसे. तिथे त्याला एकच वाक्य बोलायची परवानगी होती : 'तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.' घरी तेवढीही नव्हती. मात्र संध्याकाळी माशाला दाणे घालायच्या निमित्ताने तो टाकीला नाक लावून उभा राही. पंपाच्या त्या घरघरीत अगदी खणखणीत आवाजात बोलले तरी मागच्या खुर्चीवरच्या माणसाला ऐकू जात नसे. तिथे तो सगळी उत्तरे देऊन टाकी, टूथपेस्टच्या उत्तरासकट. आणि गेली चार वर्षे तो तिथे एका वाक्याचा सराव करत होता : "बाबा, आम्ही वेगळं राहायचं म्हणतोय." चेअरमनला ते तोंडपाठ झाले असावे.

दुकानाच्या पायरीवर असतानाच बायकोचा फोन आला. ती ग्रंथालयात कामाला होती, त्यामुळे फोनवर नेहमी कुजबुजत असे.

"दंतवैद्य सहापर्यंतच थांबणारेत. नंतर त्यांच्या त्या दोन खोल्या भाड्यानं दुसऱ्याला."

"हो."

"हो काय? आज बोल. पंप बंद आहे, घर शांत आहे, तुला ओरडावंही लागणार नाही. नुसतं तोंड उघडलंस तरी काम होईल."

"तू बोलतेस का?"

"मी बोलले तर ते रडतील. तू बोललास तर ते भांडतील. भांडलेलं बरं." घरात ती त्याला 'अहो' म्हणे, बाहेर 'तू'. "किल्ली कशी दिसते, माहितीये? निळ्या दोऱ्यात आहे. मी हातात धरून बघितली."

जावई घरी आला तेव्हा सासूबाई शेजारी गेल्या होत्या. दार त्याने सवयीने आवाज न करता उघडले आणि तो चपला काढता काढता थबकला.

सासरे टाकीसमोर उभे होते, पाठ दाराकडे, हात मागे बांधलेले, कविता म्हणायला उभ्या केलेल्या मुलासारखे. आणि मोठ्याने बोलत होते. पंप बंद आहे हे ते साफ विसरले होते.

"बरं, जा," ते चेअरमनला म्हणाले. मग मान हलवली. "नको, फार कोरडं झालं." घसा साफ केला. "जा की, आम्ही कुठं अडवलंय!" जरा थांबले. "हे लागेल त्यांना."

चेअरमन वळून दुसऱ्या टोकाकडे निघाला. सासरेही त्याच्यासोबत सहा फूट सरकले.

"खोल्या बऱ्या आहेत रे. मी मापून आलो, बाहेरून. सहा मीटर चाळीस. उजेडही आहे. दंतवैद्यानं कवळीचं माप घेताना सांगितलं. तोंडात साचा होता, म्हणून मला काही बोलता आलं नाही. ते एक बरंच झालं." त्यांनी पुन्हा हात मागे बांधले. "त्यांनी विचारायचा अवकाश, की लगेच म्हणायचं, हसून म्हणायचं. बरं. जा. सुखानं..."

इथे त्यांचा आवाज फाटला. त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"चार सेकंद," ते म्हणाले. "चार सेकंद नीट धरून ठेवता येत नाही मला, चेअरमन."

जावई उलट्या पावलांनी बाहेर आला, त्याने दार लावले, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि घंटी वाजवली. एकदा वाजवून पुरले असते, पण त्याने तीनदा वाजवली.

"किल्ली नाही का तुमच्याकडे?" सासऱ्यांनी दार उघडले. "पंप कुठाय?"

"पाण्याची उंची मोजायची राहिली, बाबा."

"राहिली?" सासऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. मोजपट्टी त्यांच्या खिशातच होती. ते गुडघ्यावर बसले, गुडघा कटकन वाजला, आणि त्यांनी पट्टीचे शून्य खालच्या पाण्यापाशी धरले. जावयाने दुसरे टोक वर नेले. घर इतके शांत होते की पट्टी ताणल्याचाही आवाज आला.

"एकशे बेचाळीस. आणि पाइपाला दोन वळणं आहेत, ती सांगा त्याला." सासरे खाली बसूनच होते. वर न बघता ते म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला काही बोलायचं होतं का?"

चार वर्षे घोटलेले वाक्य जावयाच्या जिभेवर होते. तोंड उघडायचे तेवढे बाकी होते. उत्तर काय येणार, तेही त्याला माहीत होते. ते कितव्या सेकंदाला फाटणार, हेही.

"आवाज नकोच ना, नक्की?" त्याने विचारले.

सासऱ्यांनी पट्टी सोडली. ती सळसळत जावयाच्या मुठीत येऊन बसली.

"तुमच्या सासूबाई म्हणतात नको. तुमची बायको म्हणते नको," ते सावकाश म्हणाले. "मग नकोच म्हणायला पाहिजे."

दुकानात दुकानदाराने एक काळा, गुळगुळीत पंप बादलीत सोडला होता.

"चालू करा," जावई म्हणाला.

"मघापासून चालू आहे."

जावयाने कान लावला. काहीच नव्हते. मागच्या टाकीत कुठली तरी गोगलगाय काचेवरून सरकत होती, तिचा आवाज जास्त असावा. त्याच्या डोळ्यांसमोर घर आले. काल दुपारपासून, एक सासरे सोडले तर, टाकीपाशी कुणी थांबले नव्हते. सासूबाई दाण्यांचा डबा हातात घेऊन दोनदा उठल्या होत्या आणि दोनदा परत बसल्या होत्या. बायको काचेपाशी जाऊन उगाच बोटाने धूळ बघून आली होती. न्हाणीघराची कडी बाहेरून लागावी तशी चौघांचीही कुचंबणा झाली होती. सासूबाई रोज पहाटे माशापाशी पाऊण तास काय करतात, हे त्याने कधी मनावर घेतले नव्हते.

"यापेक्षा आवाजाचा आहे?"

"आवाजाचा?" दुकानदाराने आधी चिठ्ठीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "किती आवाजाचा?"

"शेजारी उभं राहून माणूस बोलला तर खुर्चीवरच्याला ऐकू येऊ नये, इतका."

वीस वर्षांत असे गिऱ्हाईक आले नसावे. दुकानदार आत गेला आणि धुळीने माखलेले एक धूड दोन्ही हातांनी घेऊन आला.

"हा तळ्यासाठी असतो, घरात कुणी लावत नाही. तीनदा परत आलाय. उंचीला मात्र वाघ आहे, एकशे बेचाळीस म्हणजे काहीच नाही त्याला."

"बंद पडला तर?"

"पडत नाही हो बंद," दुकानदार म्हणाला. "लोकांची तीच तर तक्रार आहे."

सहाला वीस मिनिटे कमी असताना बसथांब्यावर फोन वाजला. पंप जावयाच्या मांडीवर होता.

"बोललास?"

"नाही."

"अजून वीस मिनिटं आहेत."

"हो."

ग्रंथालयात कुणीतरी पुस्तकांवर शिक्के मारत होते, तेवढे ऐकू येत होते.

"मग त्यांना काय सांगू मी?"

"नको म्हणून सांग."

"बरं," ती म्हणाली. तिला ते एका सेकंदात, अजिबात न फाटता, जमले.

साडेसहाला पंप चालू झाला. आधी खिडकीची काच थरथरली, मग कपाटातल्या बशा. सासूबाई कानांवर हात ठेवून बाहेर आल्या.

"अहो, हे काय आणलंत! हा तर जुन्याच्या वरताण आहे! एक साधा पंप आणता येत नाही? मेला भोंगा वाजतोय की काय घरात!"

"दुसरा शिल्लक नव्हता," जावई ओरडून म्हणाला.

"काय?"

"शिल्लक नव्हता!"

"चिठ्ठीत चार मुद्दे होते," सासरे तारस्वरात म्हणाले. "चारही चुकले!" पण ते टाकीवर हाताचा पंजा ठेवून उभे होते आणि हात काढत नव्हते. "अकरा सेकंदांत पाणी वर आलं मात्र. राहू दे आता. परत कोण जाणार."

सासूबाईंनी आणखी जरा वेळ तोंडसुख घेतले आणि मग दाण्यांचा डबा उचलून टाकीपाशी गेल्या. तिथे त्या वीस मिनिटे उभ्या होत्या. चेअरमनला त्यांनी दोन चिमटी दाणे घातले. परतल्या तेव्हा पदराने नाक पुसत होत्या आणि चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

बायको आली. तिने पिशवी खुंटीला लावली, पंप ऐकला. ती सरळ टाकीकडे गेली. टाकी दोन खोल्यांच्या मधोमध होती. जावई पलीकडच्या खोलीत, काचेच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. मधल्या हजार लिटर पाण्यातून त्याला ती दिसत होती.

तिचे ओठ हलू लागले. एकदा तिने बोटांनी हवेत काहीतरी लोंबते धरून दाखवले, चेअरमनला. पंप घरघरत होता. खणखणीत बोलत होती ती, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. जावयाचे वाक्य पाच शब्दांचे होते. तिचे पुष्कळ मोठे होते. ते संपता संपेना.

मग तिने डब्याचे झाकण लावले आणि या बाजूला येऊन डबा त्याच्या हातात दिला.

"माझं झालं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तुम्ही जा आता."

मागे कुणी नव्हते, तरी ती 'तुम्ही' म्हणाली.

तो काचेला नाक लावून उभा राहिला. जुने वाक्य आता उपयोगाचे राहिले नव्हते आणि नवे त्याने तयार केले नव्हते. चेअरमन पलीकडच्या टोकाला वळला, शेपटी आणि हनुवटी दोन्ही काचांना लावून, आणि परत त्याच्यासमोर येऊन थांबला. दोघांनी तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले.