कै. रघुवीर आणि वीस लिटर

"सर, प्रोजेक्ट म्हणून घरी बिअर केली तर चालेल?"

प्रश्न निधी आणि सियाचा, तोंड मात्र मालविकाचं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "येस सर" म्हणतानाही जिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही, तिला या दोघी वर्गमैत्रिणींनी लंचला डिवचलं होतं, "विचारून दाखव, मग मानू!" आणि पोरीने लंडनजवळच्या स्लाऊतल्या शाळेच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सगळ्या वर्गासमोर खणखणीत आवाजात विचारलं.

सर हसले नाहीत, हीच पंचाईत झाली. म्हणाले, "चालेल. पण दुकानातल्या तयार माल्ट-अर्काचा डबा नको, धान्यापासून कर. मोड आणून वाळवलेला सातू गरम पाण्यात ठेवला की साखर कशी सुटते, ते मोज. घरात मोठं माणूस हवं, आणि तू चाखायची नाहीस. पहिले आकडे दोन आठवड्यांनी, सोमवारी. किती लिटर करशील?"

"वीस!" मालविका म्हणाली. वर्गाने बाकं बडवली. चार म्हटलं असतं तर कोणी बडवली असती का?

बाबांनी साठ पौंड दिले. वर एक पैसा नाही, आणि गॅस घरात पेटवायचा नाही, ही अट. मालविकाने ऑनलाइन शोध सुरू केला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा हिशोब कोलमडला. बिअर बनवणारे ज्याला केटल म्हणतात ती चहाची नव्हे; ते तीस लिटरचं पातेलं. विजेवरचं सगळं एकात असलेलं यंत्र घ्यायचं तर साठच्या कितीतरी पटीने पैसे. घरातल्या इंडक्शनवर वीस लिटर उकळायला बसलं तर सोमवार उजाडेल, पण उकळी येणार नाही. शेवटी जवळच्या लँग्लीतल्या एका आजोबांकडून तीन पायांची जुनी गॅसची शेगडी मिळाली, सातू आणि बिअरला कडवट चव देणारी हॉप्सची वाळकी फुलं आली, आणि हातात उरले तीन पौंड. तीन पौंडांत स्टीलचं पातेलं? त्याचं झाकणसुद्धा येत नाही.

शेवटचा शनिवार उजाडला. निधीचा मेसेज आला, "बिअर क्वीन, आकडे कुठंयत?" सियाने वर हसण्याचे सात चेहरे टाकले. मालविका बागेतल्या शेडमध्ये शिरली आणि सामान उपसू लागली. सगळ्यात मागे, काळ्या पिशवीत, पितळेचं भलंमोठं पातेलं! आतून चांदीसारखं पांढरंशुभ्र. काठावर मराठीत नाव कोरलेलं. तिने बोट फिरवत अक्षरं जुळवली: कै. रघुवीर. आता, कै नावाची दोन इंग्लिश मुलं तिच्याच वर्गात होती. हा कुणीतरी अर्धा इंग्लिश कै रघुवीर असणार, जुना भाडेकरू, सामान विसरून गेलेला.

तरी तिने आईला मेसेज केला. आई, म्हणजे मीनाक्षी, हीथ्रो विमानतळावर सकाळच्या ड्युटीला होती. "शेडमधला मोठा पॉट घेऊ?"

"घे," उत्तर आलं.

बाबा खिडकीशी बसून ब्रॅकनेलच्या ऑफिसशी मीटिंगमध्ये होते. काचेतून त्यांनी अंगठा दाखवला. मालविकाने पाणी तापवलं, सातू कापडी पिशवीत भरून आत सोडला. काठोकाठ झालं, किलोभर सातू मावलाच नाही. आता तासभर पासष्ट अंशांवर धरायचं. पण फेब्रुवारीतला वारा! पासष्टचे बासष्ट झाले, बासष्टचे अठ्ठावन्न. तिने जॅकेट काढून पातेल्याला गुंडाळलं आणि कुडकुडत उभी राहिली. पंचावन्न. आकडे गेले की प्रोजेक्ट गेला, आणि प्रोजेक्ट गेला की पुन्हा तीच मागच्या बाकावरची मालविका. "प्लीज, प्लीज," ती थर्मामीटरला म्हणाली. मग जॅकेट ओढून काढलं, शेगडी पेटवली आणि नॉब पूर्ण फिरवला.

पिशवी तळाला टेकलेली आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. करपल्याचा वास आला तेव्हा बाबा हेडफोनसकट धावत बाहेर आले. "बंद कर! अगं, बंद कर ते!"

पिशवी उचलून रस बादलीत ओतला, तर तळाला काळी खरपुडी. ती खरवडली तर चांदी गायब, आणि भाकरीएवढा पिवळा डाग.

त्याच वेळी आई फाटकातून आत आली आणि पातेल्यापाशी धावली. "हे काय बाहेर काढलंस? मी किचनसाठी आणून शेडमध्ये खोक्यात ठेवलेल्या स्टीलच्या पॉटबद्दल म्हणत होते!"

"पण ही पातेलं कै रघुवीरची होती ना? तो परत थोडीच येणारे."

"कै नाही गं, कैलासवासी!" आईचा आवाज फाटला. "गेलेत ते. मधुमतीकाकूंचे मिस्टर. त्यांच्या आठवणीत काकूंनी पुण्याहून आपल्या मराठी मंडळाला आणून दिलेलं हे पातेलं. यंदा भांडी माझ्याकडे आहेत. उद्या माघी गणपतीची सव्वाशे माणसांची आमटी याच्यात व्हायचीय!"

तिने बादलीतला डावभर रस घेऊन जिभेला लावला आणि थुंकली. "कळकलंय."

"कळकलंय म्हणजे?"

"कल्हई, म्हणजे आतला पांढरा थर, गेली की पितळेत पदार्थ बिघडतो, आंबट आमटी तर हमखास. खाल्ला की उलट्या. आणि कल्हई इथे कोण करणार, कौन्सिल?"

मालविका ओल्या गवतावर मटकन बसली. हॉप्सची पुडी हातातच होती. वीस लिटर गोड, करपट, कळकलेलं पाणी. कुणाच्या तरी नवऱ्याची आठवण, तिला भोक पडल्यासारखा तो डाग.

बाबा बाजूला उकिडवे बसले. "हे बघ, मधुमतीवहिनींना मी फोन करतो. माझ्या हातून झालं म्हणतो. तुझं नाव कशाला?"

"आणि सरांना मेल टाक," आई नरमली, "ताप होता म्हणून."

मालविकाने नाक पुसलं. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि उठली.

"नको. फोन नको, ताप पण नको. उद्या हॉलमध्ये मी काकूंकडे जाणार, ही पातेलं घेऊन."

"हे पातेलं," आई सवयीने म्हणाली.

"हे पातेलं घेऊन. आणि मीच सांगणार, मराठीत, चुकलं तरी. आमटीसाठी मोठे कुकर पाहिजेत असं मंडळाच्या ग्रुपवर आत्ता लिहिते, ते पण माझ्या नावाने. आणि जो किलोभर सातू उरलाय ना, त्याची आज तुझ्या स्टीलच्या पॉटमध्ये चार लिटर करणार. सरांना चारचेच आकडे देणार. निधी आणि सियाने फक्त विचारायला सांगितलेलं. वीस मी म्हटलेले."