बेचाळीस शोकाकुल

वसमतला फ्लेक्सचं दुकान चालवायचं म्हणजे दुःखाचासुद्धा साइज विचारावा लागतो. भीमराजने सांगितला, दहा बाय आठ. त्याची मुलगी साक्षी आठव्या वर्षी तापाने गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. हट्टा गावच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. खाली ‘शोकाकुल’ म्हणून त्याने बेचाळीस नावं दिली. त्यात मित्रमंडळ होतं, भावी सरपंच होते, शिवाय पोरीला कधी बघितलंही नसेल असे एक मार्गदर्शक होते. आईचं नाव तेवढं राहून गेलं होतं. मी आठवण करून दिली, तर म्हणाला, जागा नाही. दहा बाय आठमध्ये.

साक्षी गेल्यावर महिन्याभरात भीमराज आणि सपना वेगळे झाले होते. ‘दवाखान्यात उद्या नेऊ’ असं कोण म्हणालं, एवढाच वाद होता. तो मात्र दोघांनी वर्षभर जिवापाड सांभाळला.

फोटो शाळेच्या गॅदरिंगमधला. मधे साक्षी, खांद्यावर बापाचा हात, दुसऱ्या बाजूने आईने बोट धरलेलं. दोघांचे हातच तेवढे फोटोत आलेले. भीमराज म्हणाला, तिचा हात काढा, माझा राहू द्या. मी काढला. नवराबायकोला वेगळं करायला आमच्याकडे वकील लागत नाही, दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सपना आली. तिचाही कार्यक्रम त्याच दिवशी, त्याच विहारात, कारण भंतेजी एकच मिळाले होते. दहाला बापाचं दुःख, एकला आईचं. फोटोही तोच, कारण बाकी सगळ्या फोटोंत साक्षीने जीभ बाहेर काढलेली. सपनाची मागणी मला पाठच होती. तिने तोंड उघडायच्या आत मी बापाचा हात पुसून टाकला.

पण फ्रॉकचा गळा काही जुळेना. खांद्यावरून ओघळलेलाच दिसे. थांबा, नीट भरून देतो, म्हणालो.

सपनाने स्क्रीनवर त्या गळ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, फ्रॉक मुद्दाम मोठा घेतला होता, पुढच्या वर्षीही चालावा म्हणून. गॅदरिंगभर तो घसरत होता आणि साक्षीचा बाप धरून उभा होता.

“त्यांचा हात राहू द्या, दादा. माझा काढा.”

मी कारण विचारलं. विचारायला नको होतं.

“उद्या नेऊ, हे मीच म्हणले व्हते.”

नावं तिने दोनच दिली. आई आणि वडील.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी भीमराज दुकानात हजर. एक वाजता तो विहाराबाहेरच रेंगाळला होता, बायकोच्या फ्लेक्समध्ये खोट काढायला. तिथे त्याला स्वतःचा हात दिसला, स्वतःचं नाव दिसलं, तिचा हात दिसला नाही. तिनं काई सांगितलं का, असं त्याने विचारलं. लोकांचं दुःख छापणाऱ्याने तोंड बंद ठेवावं, हे मला कळतं. तरी मी सांगून टाकलं.

तो स्टुलावर बसला आणि रडला. मलाही आवरलं नाही.

“आमी दोघं बी म्हणलो व्हतो,” तो म्हणाला. “दोघं बी.”

मग त्याने फोटो पुन्हा छापायला सांगितला, दोन्ही हात ठेवून. नावं कुणाचीच नकोत. कार्यक्रम तर झाला, आता लावणार कुठे, असं मी विचारलं.

“लावायचा न्हाई. तिला नेऊन द्यायचाय.”

मी फाइल उघडली. साइज काही मला विचारवला नाही.