माझी ताकद पायाशीच राहू द्या

मी एक जुनी मोटरसायकल आहे, आणि कमी ताकदीची आहे. तुम्ही म्हणण्याआधी मीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी पडेल आवाजात सांगतात असं मी ऐकून आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझा आवाज बारीक आहे, पडेल नाही.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात दोन तऱ्हेच्या गाड्या बनत. एका ओळीत डांबरावर पळणाऱ्या, बुटक्या आणि चकचकीत. दुसऱ्या ओळीत आम्ही, अर्ध्या डांबराच्या, अर्ध्या चिखलाच्या. पाय लांब, अंग सडपातळ, टायरला जाड खाचा, पुढचा मडगार्ड चोचीसारखा वर उचललेला. इंजिन लहानसं, एका सिलेंडरचं. मला जोडणारा कामगार शेजारच्याला म्हणाला, "ही दिसते अगदी बकरीसारखी." शेजारचा म्हणाला, "मग चढेलही बकरीसारखी. तू बोल्ट आवळ." माझं कौतुक म्हणा, भविष्य म्हणा, ते एवढंच झालं.

दुकानात आल्यावर मात्र माझी परवड सुरू झाली. जो येई तो पहिला प्रश्न विचारी, "किती पळते?" विक्रेता आकडा सांगे, आणि समोरचा माणूस "बरं, बरं" म्हणत शेजारच्या लाल गाडीकडे सरके. किती चढते, असं कुणी विचारलं नाही. पडली तर उचलता येते का, हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग एक दिवस गुरांची डॉक्टर आली. अंगाने बारीक, डोळे मात्र सगळीकडे. माझ्यावर बसून तिने दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का ते पाहिलं. खाली उतरली आणि विक्रेत्याला म्हणाली, "हिला जरा आडवी करते."

"आडवी म्हणजे?" विक्रेत्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"पाडते हो. हळूच."

आणि तिने मला दुकानाच्या अंगणात खरंच आडवी केली. विक्रेत्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्याच पायात पाय घालून त्याला पाडलं. मग डॉक्टरने माझ्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले, हँडल आणि सीटखालचा दांडा धरला आणि एका दमात मला उभी केली. "ही चालेल," ती म्हणाली. "रानात मला उचलायला तुम्ही थोडेच येणार आहात?"

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी किंमत कळली, आणि ती वेगात मोजलेली नव्हती.

त्यानंतरची वर्षं कामाची होती. पाठीवर औषधांची पेटी, एका बाजूला रबरी बूट, दुसऱ्या बाजूला वासरू ओढायचे दोर. नदीतले गोटे, शेतांचे बांध, पावसाने खरवडलेल्या वाटा, सगळं पाहिलं. पहिल्या गियरमध्ये, माणूस चालतो त्या चालीने, मी डोंगर चढत असे. ताकद थोडीच होती, पण ती पायाशी होती, हाक मारली की ओ देणारी. माझा आवाज होता टुकटुक. तो आवाज गुरंसुद्धा ओळखत. टेकडीवरच्या आजींची तांबडी गाय तर मी वळणावर आले की रवंथ थांबवून कान वळवी, आणि पुन्हा रवंथ सुरू करी. घाबरण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ.

घरी डॉक्टरच्या सासूबाईंनाही माझा आवाज पाठ होता. मी गल्लीच्या तोंडाशी गियर बदलला की त्या चहाचं आधण ठेवत. "सूनबाई बूट काढेपर्यंत चहा उकळतो," असा त्यांचा हिशेब होता, आणि तो कधी चुकत नसे.

आता दुखऱ्या जागेकडे येते. रविवारी मी डॉक्टरच्या नवऱ्याची असे. तो छापखान्यात यंत्रांवर देखरेख करतो. माणूस सरळ, हौशी. त्याच्या मित्रांकडे मोठमोठ्या गाड्या होत्या. सगळे मिळून घाटाकडे निघत आणि डांबर सरळ झालं की ते पुढे, आम्ही मागे. आम्ही पोचेपर्यंत त्यांच्या गाड्या थंड झालेल्या आणि गप्पा गरम. त्यांनी त्याचं नावच 'शेपूट' ठेवलं होतं. "आलं का शेपूट?" "येतंय, येतंय, हलतंय तिकडे लांब." तो हसत असे. पण परतताना हँडलवरची त्याची मूठ किती घट्ट असते ते मला कळत होतं. माणसाचं तोंड खोटं बोलतं, मूठ बोलत नाही.

तेवढ्यात डॉक्टर प्रशिक्षणासाठी आठवडाभर बाहेरगावी गेली, आणि इथे चूक झाली. ती फक्त मायेच्या माणसाच्याच हातून होऊ शकते. त्याने ठरवलं, ती परत येईपर्यंत गाडीची ताकद वाढवून ठेवायची. तिला आनंदाचा धक्का.

गॅरेजवाला तर वाटच पाहत होता. "दादा, रॉकेट करतो हिला. वहिनी घरातून निघतील आणि निघायच्या आधी पोचतील."

"नक्की लवकर पोचेल ना? तिला सारखी घाई असते. कुठे गाय अडलेली, कुठे घोडं पडलेलं."

"अहो, घाईवर औषधच हे."

मला कुणी विचारलं नाही. झडपा उघडमीट करणारा माझा दांडा, त्याला कॅम म्हणतात, तो काढून तिखट स्वभावाचा बसवला. पुढची दातेरी चकती बदलून मोठी लावली, म्हणजे सरळ रस्त्यावर वेग वाढावा. शांत सायलेन्सर गेला आणि तोंड वासलेली नळी आली. हे सगळं बसलं नीट, गॅरेजवाल्याच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. मोठ्या रस्त्यावर मी खरोखर पळू लागले. पण मित्रांनो, त्यांनी काय केलं ते सोप्या शब्दांत सांगते. माझी ताकद तळमजल्यावर होती, ती उचलून त्यांनी माळ्यावर ठेवली. आता ती हवी असेल तर आधी किंचाळायचं, मग ती खाली येणार.

डॉक्टर आली. नवऱ्याने तिच्यासमोर मला सुरू केलं. शेजारच्या खिडक्या धाडधाड लागल्या. सासूबाई स्वयंपाकघरातून कानावर हात ठेवून बाहेर आल्या. "काय रे, विमान उतरवलंस का दारात?"

डॉक्टर माझ्याभोवती एक फेरी मारून आली. तिने नळीला हात लावला, साखळीकडे पाहिलं. "आवाज जरा जास्त नाही?" एवढंच म्हणाली.

"होईल सवय. तू चालवून तर बघ," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड पाहून तिने पुढचं गिळलं. मला ते गिळणं ऐकू आलं.

दुसऱ्याच सकाळी टेकडीवरून निरोप आला. तांबडी गाय अडली होती, वासरू आडवं. ती एकच गाय आजींच्या गोठ्यात, आजींचं सगळं जग म्हणजे ती. नवऱ्याला सुट्टी होती. "मीपण येतो," तो म्हणाला. बायको किती लवकर पोचते ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

मोठ्या रस्त्यावर आम्ही वाऱ्यासारखे गेलो, कबूल. चढ लागला आणि माझी अब्रू निघाली. सुटे दगड, तीव्र वळण. पहिला गियर टाकला तरी मोठ्या चकतीमुळे तो दुसऱ्यासारखा वागे. डॉक्टरने नेहमीच्या हळू चालीने घ्यायचं ठरवलं तर मी गचके खाऊन बंद. रेस वाढवली तर चाक दगडांवर नुसतं फिरे आणि धूळ नवऱ्याच्या तोंडात. क्लच अर्धा धरून धरून जळाल्याचा वास सुटला. मी किंचाळत होते. हो, मीच, जी कधी आवाज चढवत नव्हती.

वरून आजींची हाक आली, "अगं, बंद कर ते, बंद कर!"

मी खालून पाहत होते. पाण्याची पिशवी फुटलेली, कळा येणारी ती गाय, जिने माझ्या टुकटुकीवर कधी कान हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, दावं तोडून झुडपांत पळाली होती.

डॉक्टरने मला तिथेच दगडाला टेकवून बंद केलं. पेटी तिने घेतली, दोर नवऱ्याच्या खांद्यावर टाकले आणि दोघं धावत वर गेले. गाय हाताशी येऊन परत गोठ्यात यायलाच किती वेळ गेला. गोठ्याची पुढची बाजू उघडी होती, म्हणून मला खालून सगळं दिसत होतं. डॉक्टर गोठ्याच्या मातीत पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घालून होती. "ओढ म्हटलं की ओढ, नाहीतर नको," ती नवऱ्याला सांगत होती. तो दोर धरून पांढराफटक उभा. शेवटी वासरू बाहेर आलं, पण ओल्या पोत्यासारखं, निपचित. डॉक्टरने त्याचं नाक पुसलं, नाकात काडी घातली, पेंढ्याने छाती घासली, पुन्हा घासली. 

मग ते शिंकलं.

आजी खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसता पुसता बोलू लागल्या. "डॉक्टरीणबाई, माझी गाय तुझ्या गाडीला ओळखते. आज कुणाला घेऊन आलीस?"

"गाडी तीच आहे, आजी."

"ती नाही. ती बिचारी दार वाजवून आत यायची. ही लाथ मारून आली."

नवरा दोर गुंडाळत राहिला. ते गुंडाळून झाले होते तरी.

उतरताना दोघं माझ्यापाशी थांबले. नवराच आधी बोलला. "मला वाटलं, तू लवकर पोचशील. तुझ्यासाठीच केलं गं."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाली. "म्हणून तर काल बोलले नाही. तिथे माझंही चुकलं. पण माझ्यासाठी करायचं होतं तर मला विचारायचं होतंस. सरळ रस्त्यावर मला कधी उशीर होतच नाही रे. उशीर होतो तो इथे."

त्याने माझ्या गरम टाकीवर हात ठेवला. "आणि थोडंसं माझ्यासाठीही केलं," तो हळूच म्हणाला. "शेपूट म्हणतात मला."

ती हसली नाही. तिने त्याच्या केसांतला पेंढा काढला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मला गॅरेजात घेऊन गेला. "काढा सगळं."

"दादा, लोक बसवायला येतात. काढायला येणारे तुम्ही पहिलेच."

"मग दुकानाबाहेर तशी पाटी लावा," तो म्हणाला.

जुना कॅम, जुनी चकती, शांत सायलेन्सर, सगळं परत आलं. क्लचच्या जळालेल्या प्लेटा नव्या बसल्या, टायर नवे आले, पुढच्या चाकाचे धक्के सोसणाऱ्या दांड्यांतलं तेल बदललं, ब्रेक नीट झाले. ताकद कणभर वाढली नाही, आणि मी त्या चढावर पूर्वीपेक्षा झकास चढू लागले. ज्यांना शर्यती जिंकायच्या आहेत त्यांनी आपल्या गाड्यांची ताकद खुशाल वाढवावी, माझी ना नाही. माझं काम शर्यत नाही. मी कमी पडत नव्हते, मला मोजायची पट्टी चुकीची होती.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा शेवटीच पोचलो. मित्र ओरडले, "आलं, आलं, शेपूट आलं."

नवऱ्याने हेल्मेट काढलं. "आलंच. शेपूट नसतं तर तुमच्यावरच्या माशा कोण हाकणार?" तो म्हणाला आणि आरामात चहाला बसला. परतताना त्याची मूठ सैल होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी हळू चालणारं असेल, गाडी असेल, माणूस असेल. त्याला पळवायच्या आधी एकदा विचारा, त्याचं काम कुठल्या वाटेवर आहे. माझी काळजी घ्यायची तर साखळीला तेल द्या, टायरमधली हवा बघा. वेळेवर पुसलंत तरी चालेल. पण माझी ताकद पायाशीच राहू द्या. ती माळ्यावर ठेवणाऱ्या हाताला मी आजही गचके देईन, बंद पडेन, मुळीच ऐकणार नाही.

आता थांबते. गल्लीचं तोंड आलं. मी गियर बदलला आहे, आणि आत आधण ठेवल्याचा आवाज मला ऐकू येतो आहे.