खड्ड्याला हात कोणी लावला

घर बांधायचं तर आधी जमिनीला विचारा, असं नगरपालिकेचं म्हणणं. आमच्या गल्लीत सांडपाण्याची मोठी नळी अजून आलेली नाही. त्यामुळे न्हाणीघराचं, स्वयंपाकघराचं, छपरावरून पडणाऱ्या पावसाचं, सगळं पाणी आपल्याच हद्दीत मुरलं पाहिजे. माती पाणी पिते असा दाखला मिळेपर्यंत नकाशाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आमची जागा म्हणजे सासूबाईंच्या घरामागचा मोकळा तुकडा. मधे फक्त कपडे वाळत घालायची दोरी. लग्न झाल्यापासून मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरत होते. मिठाची बरणी मी डावीकडे ठेवली की संध्याकाळपर्यंत ती उजवीकडे जाऊन बसायची, आणि त्यावर दोघींपैकी कोणी चकार शब्द काढायची नाही. मला माझी बरणी माझ्या जागेवर हवी होती. आयुष्यात याहून मोठं काही मी मागितलं नाही, पण हे मागताना मी नवऱ्याचा जीव नकोसा केला होता.

नवरा हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो. सासूबाईंनी मात्र आल्यागेल्यापुढे डोळे पुसायला सुरुवात केली. घर ओस पडणार, असं त्यांनी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. त्या रडल्या की मला आतून कसंतरी व्हायचं. मी वाईट आहे, पण इतकीही नाही.

माती तपासायला नगरपालिकेचा माणूस आला. उंच, वाळका, आणि हसण्याचं वावडं असलेला. आम्ही त्याला मातीसाहेब म्हणू लागलो. त्याने मागच्या अंगणात कमरेइतका खड्डा खणून घेतला, त्याच संध्याकाळी पाण्याने भरून माती भिजू दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरलं आणि मोजायची पट्टी उभी केली. गल्लीच्या टोकाला त्याचा आणखी एक खड्डा चालू होता. तो अर्ध्या-अर्ध्या तासाने येणार, पट्टी बघणार आणि परत जाणार.

गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या शिक्षिकेच्या जागेत पाणी हललंच नव्हतं आणि तिचा अर्ज बाद झाला होता. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी खिडकीतून पट्टीकडे बघत होते. पाणी निवांत बसलं होतं, अगदी माझ्या नवऱ्यासारखं.

मातीसाहेब वळणावर दिसेनासा होताच मी न्हाणीतला मग घेऊन गेले आणि थोडं पाणी काढून झाडाच्या बुंध्याशी ओतलं. मग दर वेळी तेवढंच. हावरटपणा करायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. मधे सासूबाई कपडे वाळत घालायला गेल्या. थोड्या वेळाने तेच कपडे पुन्हा झटकायला गेल्या. नवराही बादली घेऊन मागे फिरत होता. विचारलं तर म्हणाला, "झाडांना घालतोय."

दुपारी मातीसाहेबाने पट्टी शेवटची बघितली, कागदावर आकडेमोड केली आणि आम्हा तिघांना बोलावलं.

"जागा नापास," तो म्हणाला.

"पण पाणी तर उतरलं की," मी म्हणाले.

"फार उतरलं. इतक्या वेगाने उतरलं तर तुमचं सांडपाणी गाळलं न जाता थेट शेजारच्या विहिरीत जाईल. हळू चालत नाही, तसं फार जोरातही चालत नाही."

हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. मातीसाहेबाने खड्ड्याच्या कडेची चिमूटभर ओली माती तळहातावर वळली. तिची छान वळी झाली. तो वळीकडे बघत म्हणाला, "ही माती चिकट आहे, इतकं पाणी पिणारी नाही. खड्ड्याला कोणी हात लावलाय का? असेल तर आत्ता सांगा, मी परत भरतो. नाहीतर मी सही करणार, आणि पुढचा अर्ज वर्षभराने."

मी मनातल्या मनात हिशोब केला. माझ्या चार मगांनी एवढं पाणी उतरणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांच्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत ओली होती आणि तिला पिवळी माती लागली होती.

मला जायचं होतं. रोज सकाळी उठून मला तेच हवं होतं. पण मी जावं असं त्यांनाही वाटत होतं, हे कळल्यावर मला इतकं वाईट वाटलं की तिथेच रडू फुटेल असं झालं. मग रडण्याऐवजी मला राग आला.

"मी काढलं पाणी," मी म्हणाले. "मगाने. आईंनी कशाने काढलं ते त्या सांगतील."

सासूबाईंनी बाहीकडे बघितलं. "दुधाच्या पातेल्याने," त्या म्हणाल्या. "मोजलं नाही मी."

"मग ते दूधवाल्यापुढे रडणं?"

"ते खरंच होतं गं. रडू येतं मला. पण आपल्या ओट्यावर आपण एकटीने उभं राहावं असंही वाटतं. तुला नाही वाटत?"

मलाही वाटत होतं.

मातीसाहेबाने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही?"

"मी भरत होतो," नवरा म्हणाला. "बादलीने."

"भरत होतास?" सासूबाई आणि मी एकदमच म्हणालो.

"मला इथेच बरं होतं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हटलं होतं, आणि तेही बादलीने.

"म्हणजे काढणारे दोन, भरणारा एक," मातीसाहेब म्हणाला आणि खड्डा पुन्हा भरला. आम्हाला भिंतीशी ओळीने खुर्च्यांवर बसवलं. हात मांडीवर ठेवायचे, पाणी प्यायलाही उठायचं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं त्या खड्ड्याकडे बघत बसलो. पाणी आपलं आपण, कोणाची घाई न करता, बेताने उतरलं.

"पास," तो म्हणाला. नवऱ्याने मान खाली घातली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

"आता शोषखड्डा किती मोठा लागेल ते ठरवू," मातीसाहेबाने पेन काढलं. "राहणार किती जण?"

"दोन," सासूबाई आणि मी म्हणालो. आमचं असं एकमत आजवर कधी झालं नव्हतं.

"आणि येणंजाणं?"

"माझं असेल थोडंफार," सासूबाई म्हणाल्या. "दोरी ओलांडली की आलेच. सकाळी. कधी दुपारी. संध्याकाळी तर येणारच."

"मग माणूस धरावं लागेल."

"अडीच लिहा," नवरा म्हणाला.

"अर्धं माणूस लिहिता येत नाही."

मातीसाहेब पेन धरून थांबला. सासूबाई बाहीवरची वाळलेली माती खरवडत बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

"तीन लिहा," मी म्हणाले.

"मी राहायला येणार नाही हं, आधीच सांगते."

"माहितीये, आई," मी म्हणाले. "साहेब, तुम्ही तीन लिहा हो."