सोमवारची पाटी

मित्रांनो, माझ्या चौकटीचा एक कोपरा उडाला आहे आणि तिथे सुतळी बांधलेली आहे. मी एक जुनी दगडी पाटी. मला बघून तुम्ही म्हणाल, हिच्यावर आता कोण लिहिणार? पण टीव्हीवर ज्यांचं ऐकून तुमचं घर खो-खो हसतं, त्या मयुराताईंचा पहिला विनोद माझ्यावरून वाचला गेला. वाचला गेला म्हणते हं, लिहिला गेला नव्हता!

डहाणू रोडच्या बाजारातून मला चिखले गावी आणलं, तेव्हा मयुरा बालवाडीत होती. दुसरीत तिला वह्या मिळाल्या, आणि आता आपण माळ्यावर जाणार असं मी धरून चालले. त्याच वर्षी तिला मोठा ताप आला. तिच्या आईने, निर्मलाबाईंनी, महादेवाला नवस केला की पोर बरी होऊ दे, दर सोमवारी मौन धरीन. सूर्य उगवल्यापासून तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत. ताप उतरला. निर्मलाबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि सोमवारपुरती आपली जीभ केलं. एवढा मान किती पाट्यांना मिळतो, सांगा बरं!

त्यांची चिकूची वाडी होती. चिकूला टोपल्या लागतात. तलासरीकडची शुक्री डोक्यावर बांबूच्या टोपल्या घेऊन यायची, तीही नेमकी सोमवारी.

"वहिनी, तू बोलत नाहीस आणि मला वाचता येत नाही," शुक्री म्हणायची. "आता भांडायचं कसं?"

मग मयुरा वाचून दाखवू लागली. एकदा निर्मलाबाईंनी लिहिलं, 'टोपली छान. कड जरा घट्ट हवी.' मयुराने मला दोन्ही हातांत धरलं आणि खड्या आवाजात वाचलं, "आई म्हणते, टोपली छान, पण कड इतकी सैल की आत कोंबडी झाकली तर ती बाहेर येऊन आपल्यालाच झाकून ठेवेल."

शुक्री कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, तुझी कोंबडी एवढी हुशार, तर टोपल्या तिच्याकडूनच विणून घे की!"

निर्मलाबाई काय करणार? 'हे मी लिहिलं नाही' असं सांगायला तोंड उघडता येईना. त्यांनी पदर तोंडावर धरला. खांदे मात्र गदगदत होते. मौन वाणीचं असतं, हसण्याचं नसतं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून दर सोमवारी मी एक सांगायची आणि मयुरा दोन वाचायची.

पुढे मयुरा मोठी झाली. शाळेच्या संमेलनात तिची नाटुकली, कॉलेजात एकांकिका, मग मुंबईच्या एका वाहिनीवर विनोदी कार्यक्रमाचं लेखन. नंतर ती स्वतःच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. बाजारात लोक निर्मलाबाईंना "मयुराची आई" म्हणून हाक मारू लागले. घरात मी ताठ उभी असे, देवघराशेजारी.

आणि मग तिच्या कार्यक्रमाचा तो भाग लागला. त्यात एक मौनव्रती आई होती, हातात पाटी घेतलेली. पाहुणे येतात, बडबडतात, ती सोसते. शेवटी पाटी आपटून किंचाळते, "गप्प बसा रे सगळे!" प्रेक्षक लोटपोट झाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायजाकाकी कुंपणापाशी आल्या. "निर्मला, मोडलंस की गं मौन! केवढ्यानं ओरडलीस!"

"ती मी नव्हे हो," निर्मलाबाई हळूच म्हणाल्या. पण गिरणीत तेच, देवळात तेच. मित्रांनो, सत्तावीस वर्षं झाली होती त्या व्रताला. वाडीत घोणस निघाली तेव्हा या बाईने ओरडण्याऐवजी ताट बडवून माणसं जमवली होती!

मयुराचा फोन आला. "आई, लोक किती हसले!"

"हसले गं. मी मोडलं म्हणून हसले. देवाला खरं ठाऊक आहे. गावाला कोण सांगणार?"

पुढच्या सोमवारी निर्मलाबाईंनी खाणाखुणांनी निभावलं. मला तांदळाच्या पिंपामागे सरकवलं. तिथे मुंग्या होत्या, अंधार होता. मी कितीतरी सोमवार तिथेच काढले.

एका रविवारी मला कोणीतरी बाहेर काढलं. मयुराच ती! ओल्या फडक्याने मला पुसत ती फोनवर म्हणत होती, "हो, डहाणूतलं शूटिंग सोमवारीच. आई बोलणार नाही, माहीत आहे. म्हणून तर सोमवार."

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमाच्या शूटिंगला डहाणूच्या शाळेचं मैदान भरून गेलं. सूत्रसंचालक ओंकारने निर्मलाबाईंपुढे माईक धरला. "काकू, लेकीबद्दल दोन शब्द!"

मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, टीव्हीतल्यासारखं किंचाळा!"

निर्मलाबाईंनी माईकला नमस्कार केला. पिशवीतून मला काढलं आणि सावकाश दोन ओळी लिहिल्या. मयुराने मला हातात घेतलं. तिचे अंगठे घामेजले होते. वाचायच्या आधी ती नेहमी डोळे मिचकावायची. आज मिचकावले नाहीत.

"आई म्हणते, 'मौन मोडलेलं नाही.'" मयुरा दुसऱ्या ओळीकडे वळली. "'आणि हिच्या वाचण्यावर विश्वास ठेवू नका.'"

तिने एक अक्षरही वाढवलं नव्हतं. मला कॅमेऱ्यापुढे धरून तिने ते सगळ्यांना दाखवलं. असा हशा उठला की पताका हलल्या! त्यात शुक्री उभी राहिली. "थांबा थांबा! वहिनी, ती कोंबडी तुझी नव्हती?"

निर्मलाबाईंनी मान हलवली. नव्हती.

"म्हणजे दहा वर्षं मी या पोरीशी भांडत होते?"

मयुराने सगळ्यांसमोर दोन्ही कान पकडले. बायजाकाकी डोळे पुसत हसत होत्या. आणि निर्मलाबाईंचे खांदे गदगदत होते, अगदी पहिल्यासारखे, आवाज न करता.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागला, तेव्हा त्या पहिलं वाक्य बोलल्या. "मयुरा, अक्षर बरं आलं होतं ना गं माझं?"

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला पिंपामागे टाकू नका. थुंकीने पुसू नका, ओला फडका घ्या. आणि कोणी विश्वासाने आपले शब्द तुमच्या हाती दिले, तर आधी ते आहेत तसे वाचा. हसवायला पुढे जागा भरपूर असते.

त्या दोन ओळी आता माझ्यावर नाहीत. टोपल्यांचं बोलायचं होतं, म्हणून निर्मलाबाईंनीच पुसल्या. शुक्री अजूनही सोमवारीच येते. सुट्टीत आलेली मयुरा वाचायला लागली की ती आधी मला बोटाने टकटक करते आणि विचारते, "काय गं पाटीबाई, खरं वाचतेय ना ही?"