फुगलेलं कणीस आणि बियाण्याची दुरडी

बन्सीला लाज म्हणून नाही. ज्या दुरडीला आजवर कुणी ओल्या हाताने शिवलं नाही, तिच्यात त्याने काणीची घाण भरली. मित्रांनो, ती दुरडी म्हणजे मीच. राहात्याकडच्या बुरडाने विणलेली, जुनी, पण अजून एक काडी न उसवलेली.

गोजरबाई लग्न होऊन आली, ती माहेरच्या मक्याचं बी माझ्यात घेऊन. बावीस वर्षं निरोगी ताटांची कणसं ती स्वतः निवडायची आणि माझ्यात ठेवायची. लढाईच्या महागाईत लोक आमच्या दारी बी मागायला यायचे, तेव्हा माझे काठ आणखी ताठ व्हायचे.

यंदा घरामागच्या तुकड्यातलं बी निवडून ओसरीवर वाळत होतं. कालव्याकाठी उशिरा पेरलेल्या तुकड्यात मात्र कणसांवर काणी पडली, म्हणजे त्या बुरशीरोगाच्या पांढऱ्या, चकचकीत गाठी आल्या. दाणे कसले, सुजलेली बोटंच ती! आत काळी, बुळबुळीत घाण. गोजरबाईने बन्सीला, म्हणजे धाकट्या दिराला, बजावलं: गाठ फुटायच्या आत कापायची, ओल्या फडक्यात धरायची, शेताबाहेर जाळायची. गुरांना घालायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही. खतातून ती परत शेतात येते. एवढं सांगून ती भाचीच्या बाळंतपणाला गेली.

बन्सीला त्यातलं सगळ्यात सुजलेलं कणीस गणपतीच्या सोंडेसारखं दिसलं. ते माझ्यात ठेवून, वर कुंकू लावून, मिशीला पीळ देत तो मला घेऊन गावदेवीच्या पारावर जाऊन बसला. बाकीच्या गाठी शेतात तशाच.

चार दिवस गाव पाया पडायला लोटलं. पाचव्या दिवशी शेजारची लंकाबाई कुंकू लावायला गेली आणि तिच्या बोटाखाली ते फुटलं. शी! काजळीसारखी भुकटी देवीच्या ओटीवर, लोकांच्या धोतरांवर, माझ्या विणीविणीत. तेच हात घेऊन सगळे आपापल्या मक्यात गेले. बन्सीने मला गुडघ्यावर दोनदा आपटलं आणि ओसरीवरचं बी माझ्यात ओतलं. झाली म्हणे साफ!

गोजरबाई परतली. माझ्यात हात घातला, तो काळा निघाला. शेताकडे नजर टाकली, तिथे गाठी फुटून पानं काळी पडलेली. तिने अंगणात जाळ केला आणि माहेरचं बावीस वर्षांचं बी त्यात ओतलं. त्या तुकड्यात आता तीन वर्षं मका नाही, हरभरा.

जाळाशेजारी पडून मी हे सांगते आहे. पुढची पाळी माझी. मित्रांनो, मला जळायचं दुःख नाही, बाटून जळायचं आहे. पीक रोज जवळून बघा. गाठ दिसली की त्याच दिवशी कापा. बियाण्याच्या भांड्यात बियाणंच ठेवा.

बन्सी दाराआड उभा होता. गोजरबाईने मला उचललं आणि त्याच्याकडे वळली.

“भावजी, फुगलेलं समदं भरलेलं नसतंय. एवढं तरी तुमाला आरशात बघून कळायला पायजे हुतं.”