डाव्या बाजूची काच

मित्रांनो, इंग्लंडातल्या काउज बंदराच्या गोदीत गंजकं पिंप समजून ज्याच्यावर बसून तुम्ही पाव-चीज खाता, तो मी एक जुना बॉयलर आहे. आरमाराच्या छोट्या होडीला वाफ पुरवायचं माझं काम होतं.

माझा आराखडा लेथब्रिज साहेबांचा. होडी दोरांनी उचलून मोठ्या जहाजावर घ्यावी लागे, म्हणून वजनाच्या बाबतीत ते भारी चिकट. माझ्या पोटातलं पाणी दिसावं म्हणून त्यांनी काचेची एकच नळी बसवली, उजव्या अंगाला. माझा भट्टीवाला जॉब पेनफोल्ड म्हणाला, डावीकडेही एक हवी. साहेब हसले. "पेनफोल्ड, तू कोळसा टाक. आकडेमोड माझ्याकडे राहू दे." मलाही साहेबांचंच खरं वाटलं. नवेपणाचा माज, दुसरं काय!

चाचणीच्या दिवशी बंदरात सगळं आरमार जमलं होतं. होडीत लेफ्टनंट ऑर्मरॉड, साहेब आणि सहा पाहुणे. नौसेनापतींचं जहाज दिसताच सगळे उजव्या कठड्याला लोटले. होडी कलली, तसा मीही कललो. माझ्या पोटातलं पाणी तोवर उकळून बरंच कमी झालं होतं; उरलेलं सगळं उजवीकडे धावलं. काच अर्धी भरलेली दिसत होती आणि माझी डावी बाजू कोरडी पडली होती. खाली आग धडधडत होती. पत्रा लाल होऊ लागला. मित्रांनो, मी फुटलो असतो तर होडीतलं कोणी वाचलं नसतं, आणि मला ओरडताही येत नव्हतं.

जॉबला रंग जळल्याचा वास आला. त्याने माझ्या डाव्या अंगाजवळ तळहात नेला आणि झटकन मागे घेतला. मग कोणालाही न विचारता त्याने सगळे निखारे बाहेर ओढले. नौसेनापतींच्या डोळ्यांदेखत होडी थांबली.

"आग काढायला तुला कोणी सांगितलं?" लेफ्टनंट गरजला.

"कोणी नाही, साहेब. तापल्या पत्र्यावर पाणी आलं तर हा फुटेल, म्हणून घटकाभर जागचं हलू नका. मग एकेक करून मधे बसा आणि काच बघा."

पत्रा निवल्यावर सगळे मधे बसले. काच रिकामी होती. लेथब्रिज साहेब पांढरेफटक पडले. पेन्सिल काढून त्यांनी विचारलं, "दुसरी काच किती उंचीवर लावू?"

"मी बसतो ना, तिथून दिसेल अशी," जॉब म्हणाला.

पुढच्या प्रत्येक बॉयलरला दोन काचा आल्या, साहेबांची वाहवा झाली. जॉबला मात्र हुकमाशिवाय आग काढली म्हणून चौदा दिवसांची कैद झाली. मित्रांनो, माझा गंज काढला नाहीत तरी चालेल. पण आगीसमोर बसलेला माणूस काही सांगत असेल, तर त्याला पुरतं बोलू द्या.